यंत्र म्हणते, ‘तबकडी नाही’

यंत्रमागांचा खटखटाट ज्या शहराच्या गल्ल्यांतून अहोरात्र ऐकू येतो आणि सुताचे सूक्ष्म तंतू जेथे कारखान्याच्या उंबरठ्याशी न थांबता माजघरापर्यंत निर्वेध संचार करतात, त्या भिवंडीत, मिलिमीटरचा सहस्रांश हेच ज्याचे नित्याचे माप आहे असे एक नाजूक प्रकाशयंत्र वर्षानुवर्षे बिनतक्रार चालावे, ही अपेक्षा सकृद्दर्शनी अवाजवी वाटेल. तथापि सीडी प्लेअर या शहरातील कित्येक घरांत अद्याप चालतात. कोठे जुन्या नाट्यपदांच्या आणि मैफिलींच्या तबकड्यांसाठी, कोठे आगरी-कोळी गीतांसाठी, तर कोठे वडिलांनी हौसेने जमवलेल्या कव्वाल्यांसाठी. ते बिघडतात तेव्हा बहुधा एकाच रीतीने बिघडतात. तबकडी आत जाते, क्षणभर अस्फुट घरघर होते, आणि दर्शनी पट्टीवर ‘नो डिस्क’ अशी अक्षरे उमटतात. डोळ्यांदेखत आत सरकवलेली तबकडी नाहीच, असे यंत्राने छातीठोकपणे सांगावे यासारखा मनस्ताप नाही. आणि त्या मनस्तापाच्या भरातच यंत्र कालबाह्य ठरवून भंगारवाल्याच्या हवाली करण्याचा निर्णय घेतला जातो. हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो. वस्तुतः त्या दोन शब्दांमागे निदान सहा-सात निरनिराळी कारणे दडलेली असतात, आणि त्यांपैकी निम्म्यांवरचा इलाज फारसा खर्चिक नसतो.

कारणांचा तपास करण्यापूर्वी यंत्राची अंतर्रचना थोडी समजून घेणे इष्ट. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी 1980 साली या तबकडीचे प्रमाण निश्चित केले, आणि 1 ऑक्टोबर 1982 रोजी सोनीचा ‘सीडीपी-101’ जपानमध्ये विक्रीस आला. ते प्रमाण आजतागायत बदललेले नाही, आणि म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वीची तबकडी काल घेतलेल्या यंत्रात चालते. तबकडीचा व्यास 120 मिलिमीटर आणि जाडी 1.2 मिलिमीटर. पॉलीकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकवर सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल ओळ उमटवलेली असते. ती ग्रामोफोनच्या उलट, आतून बाहेर जाते. तिच्या दोन वेढ्यांमधील अंतर 1.6 मायक्रोमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीत चाळीसएक वेढे सहज मावावेत इतके असते. आणि ती ओळ उलगडून सरळ मांडली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर खालून, एका इवल्या भिंगातून, या ओळीवर केंद्रित होतो, परावर्तित प्रकाशातील चढउतार ग्राहकावर पडतात, आणि त्यांतून दर सेकंदाला प्रत्येक बाजूच्या 44,100 नमुन्यांचा, म्हणजे एकूण चौदा लाखांहून अधिक अंकचिन्हांचा ओघ निर्माण होतो. सुईचा स्पर्श कोठेच नाही. म्हणून तबकडी झिजत नाही, हे खरे. परंतु त्या स्पर्शाची जागा ज्या भिंगाने घेतली, ते चार बारीक तारांवर टांगलेले असून तबकडीच्या डगमगण्याबरोबर वरखाली आणि डावीउजवीकडे सतत हलत असते. आणि झीज टळली तरी व्याधी टळल्या नाहीत, त्या तेथूनच सुरू होतात.

येथे एक आश्चर्य नोंदवले पाहिजे. तबकडीवर ओरखडा असताही संगीत अखंड चालते, याचे श्रेय आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी 1960 साली मांडलेल्या संकेतपद्धतीला आहे. संगीताचे अंक तबकडीवर क्रमाने लिहिले जात नाहीत. ते दूरदूर विखरून, त्यांच्या जोडीला पडताळ्याचे जादा अंक घालून लिहिले जातात. विणकराला हे सहज उमजेल: एकाच सदोष कांडीचे सूत सलग वापरले तर ताक्यावर आडवा पट्टा नजरेत भरतो, पण दोन कांड्यांचे धागे आलटून-पालटून टाकले तर तोच दोष कापडभर विरून जातो आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही. या योजनेमुळे ओळीच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचे नुकसान पूर्णतः भरून निघते, आणि त्याहून थोडे अधिक झाल्यास यंत्र आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून वेळ मारून नेते. यावरूनच पुसण्याची रीत ठरते. तबकडी मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसावी. गोलगोल कदापि पुसू नये, कारण गोल ओरखडा ओळीच्या बरोबरीने जातो आणि एकाच ठिकाणची फार माहिती हिरावून घेतो, तर आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्यावरून क्षणात ओलांडला जातो. पुसण्यासाठी मऊ सुती कापड पुरे. भिवंडीत त्याची वानवा नाही.

आता मूळ तक्रारीकडे वळू. ज्या यंत्राचे झाकण काढणे सुरक्षित आणि हमीच्या अटींत बसणारे आहे अशा यंत्रात, जाणत्याच्या देखत, भिंगाची हालचाल पाहिली असता निदानाचे अर्धे काम होते. मात्र उघड्या यंत्रात भिंगाकडे वरून, जवळून डोळे लावून पाहू नये. लेसरचा प्रकाश जवळजवळ अदृश्य असतो, आणि तो डोळ्यांत गेल्याचे कळतही नाही. दुरून, तिरकस पाहावे. निरोगी यंत्रात तबकडी बसताच भिंग दोन-तीन वेळा वरखाली होते. या हालचालीत ते तबकडीचे परावर्तन शोधत असते. परावर्तन सापडले की तबकडी फिरू लागते, आणि यंत्र सर्वांत आतल्या भागातली अनुक्रमणिका वाचते. भिंग हलले पण तबकडी फिरली नाही, तर परावर्तन मिळत नाही असा अर्थ घ्यावा: भिंग मळले आहे, किंवा लेसर क्षीण झाला आहे. भिंग हललेच नाही, तर त्याच्या तारा, त्याला विद्युतप्रवाह पुरवणारे मंडळ किंवा चपटी रिबन यांची चौकशी करावी. तबकडी सुसाट भिरभिरली आणि थांबली, तर फिरवणारी मोटर किंवा तिचे नियंत्रण यांत खोट आहे. अनुक्रमणिका वाचली जाते पण पहिलीच गाणी अडखळतात आणि शेवटची सुरळीत चालतात, असा चमत्कारिक अनुभव ज्यांना येतो त्यांनी मोटरवर संशय घ्यावा, कारण वाचनाचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास स्थिर ठेवण्यासाठी तबकडी आतल्या वेढ्यांवर मिनिटाला सुमारे 500 आणि बाहेरच्या वेढ्यांवर सुमारे 200 फेरे घेते. थकलेली मोटर कमाल वेगाच्या ठिकाणीच प्रथम कच खाते. याउलट आरंभीची गाणी निर्दोष आणि शेवटची अडखळणारी असतील, तर तबकडी वाकलेली आहे का आणि भिंगाची गाडी ज्या रुळावर सरकते तेथील वंगण आटून चिकट झाले आहे का, हे पाहावे.

सर्वांत सामान्य कारण, अर्थात, मळ. आणि भिवंडीत मळ म्हणजे केवळ धूळ नव्हे. सुताचे तंतू, सुताला खळ देणाऱ्या सायजिंगच्या भट्ट्यांचा धूर, स्वयंपाकघरातील तेलाची वाफ, आणि पावसाळ्यातील दमट हवा या सर्वांचा मिळून भिंगावर एक पातळ, चिवट थर बसतो, जो केवळ फुंकरीने जात नाही. तोंडाने फुंकर घालणे तर अगदीच अयोग्य. तिच्याबरोबर ओलावा जातो. वीज बंद करून, औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळणारे शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर जेमतेम ओलसर होईल इतके घेऊन भिंगावरून अलगद, भार न देता फिरवावे, आणि दुसऱ्या कोरड्या काडीने टिपावे. बहुतेक भिंगे प्लास्टिकची असतात. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचे द्रव, अत्तर, यांपैकी काहीही त्यांना लागता कामा नये. भिंग दुधट झाले की नव्या भिंगाखेरीज इलाज नाही. बाजारात मिळणाऱ्या, तळाशी बारीक कुंचले लावलेल्या ‘क्लीनर’ तबकड्यांचे वर्णन मोठे आकर्षक असते, पण वेगाने फिरणारा कुंचला टांगलेल्या भिंगावर आपटण्याचा धोका पत्करण्याजोगे त्यांत मला काही आढळलेले नाही.

यंत्र निर्दोष असून तबकडीच अपराधी निघाल्याची उदाहरणेही विपुल आहेत. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की परावर्तक ॲल्युमिनियमचा थर तबकडीच्या छापील बाजूकडे, एका पातळ लाखेखाली असतो. म्हणून लोक ज्या चकचकीत बाजूची जिवापाड काळजी घेतात तिच्यापेक्षा ज्या बाजूवर ते बॉलपेनने बिनधास्त नावे लिहितात ती अधिक नाजूक असते. तबकडी उजेडासमोर धरावी. आरपार छिद्रे दिसली तर तेथील माहिती गेली, आणि ती कोणत्याही यंत्राला परत आणता येणार नाही. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात 1988 ते 1993 या काळात तयार झालेल्या कित्येक तबकड्या कडेपासून तांबूस होऊन निकामी झाल्या; लाखेचा थर वेष्टनाच्या कागदातील गंधकापुढे टिकला नाही, हे त्याचे कारण. आपल्याकडे अधिक अनुभव येतो तो घरी किंवा स्टुडिओत संगणकावर ‘राइट’ केलेल्या तबकड्यांचा. 2000 नंतरच्या दशकात लग्नातल्या हळदीची गाणी, नातवाचे बारसे, गावच्या सप्ताहातील कीर्तन, असे सर्व काही अशा तबकड्यांवर उतरवले गेले. यांत खळगे नसतात, सेंद्रिय रंगाचा थर असतो. तो उन्हाने आणि उष्णतेने उडतो. खिडकीशी पडून राहिलेली अशी तबकडी काही वर्षांनी वाचली गेली नाही, तर तो बिघाड यंत्राचा मानू नये. पुन्हा पुन्हा लिहिता-पुसता येणाऱ्या तबकड्यांचे परावर्तन तर मूळ छापील तबकडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते, आणि जुन्या यंत्रांना त्या दिसतच नाहीत. म्हणून शिरस्ता असा असावा की संशय आल्यास प्रथम कंपनीची छापील, स्वच्छ तबकडी लावून पाहावी. ती चालली तर यंत्राला दोषमुक्त करावे.

तबकडीच्या ट्रेचे उघडमीट होणे हा आणखी एक प्रांत. तेथे कारण जवळजवळ नेहमी रबराचा लहानसा पट्टा असतो. रबर काळाने आणि उष्णतेने सैल होते, चकाकू लागते, कधी वितळून चिखलासारखे होते. मोटर फिरते पण ट्रे अर्ध्यावर थांबतो, आणि मालक हाताने ढकलून दातेरी चाकांचे दात मोडतो. नवा पट्टा जुन्याहून थोडा आखूड मापाचा घेतला की काम भागते. या एका पट्ट्यापायी फेकून दिलेल्या यंत्रांचा विचार मनात आला की मन खरोखर खिन्न होते.

विजेविषयी भिवंडीत स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल. लाखोंच्या संख्येने चालणाऱ्या यंत्रमागांच्या मोटरी एकाच वाहिनीवर सुरू आणि बंद होत असताना व्होल्टचा पारा स्थिर राहणे कठीण, आणि एके काळी तर परिस्थिती शोचनीय होती: वर्षभरात शंभरांपैकी चाळीसांहून अधिक रोहित्रे निकामी होत, आणि पुरवलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचा महसूल वसूल होत नसे. महावितरणने 26 जानेवारी 2007 पासून येथील वितरणाची जबाबदारी फ्रँचाइझी पद्धतीने टोरंट पॉवर या कंपनीकडे सोपवली. देशातील ही अशा प्रकारची पहिलीच व्यवस्था होती, आणि त्यानंतर रोहित्रे जळण्याचे प्रमाण पुष्कळ उतरले. तरीही त्या पूर्वीच्या काळात चाललेल्या यंत्रांच्या पोटातील कंडेन्सरांनी जे सोसले ते आज फुगलेल्या टोप्यांच्या आणि गळलेल्या द्रवाच्या रूपाने दिसून येते. विद्युतपुरवठ्याच्या मंडळातील हे कंडेन्सर थकले की स्पष्ट मृत्यू येत नाही. यंत्र कधी चालते, कधी नाही, थंड असता अडते, तापल्यावर सुधारते, आणि दोष भिंगावर ढकलला जातो. स्वस्त स्टॅबिलायझर वा किमान स्पाइक-गार्ड लावणे शहाणपणाचे. ज्यांच्याकडे अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने प्रेमाने पाठवलेले यंत्र आहे, त्यांनी मात्र मागची पट्टी वाचल्याशिवाय ते भिंतीतील प्लगला लावू नये. तेथील 120 व्होल्टचे यंत्र आपल्या 230 व्होल्टांना लावल्यास प्रथम रोहित्राचा, मग खोलीचा वास बदलतो.

जून ते सप्टेंबरमधील दमट हवेमुळे उद्भवणारा एक दोष मात्र आपोआप बरा होतो. वातानुकूलित खोलीतून यंत्र वा तबकडी बाहेरच्या ओलसर हवेत आणली की थंड भिंगावर बाष्प जमते आणि यंत्र तबकडी नाकारते. तासभर थांबले असता ते पूर्ववत होते. या तासभरात कोणी पेचकस घेऊन पुढे आला तर त्याला चहा पाजावा.

याउपर प्रश्न उरतो विश्वासार्हतेचा. जुनी यंत्रे चांगली आणि नवी वाईट असा सरसकट निकाल देण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो तितकासा मान्य नाही. ऐंशीच्या दशकातील फिलिप्सच्या काही यंत्रणांत ओतीव धातूचा सांगाडा आणि काचेचे भिंग असे, त्या दीर्घायुषी ठरल्या, यात शंका नाही. पण त्या काळी एका यंत्राला मध्यमवर्गीय माणसाचे कित्येक महिन्यांचे वेतन पडे. आज परवडणाऱ्या यंत्रांत भिंग, लेसर, ग्राहक आणि गाडी यांचा मिळून जो एकसंध भाग असतो, आणि दुरुस्तीवाले ज्याला ‘लेन्स’ म्हणतात, तो एखाद-दोन कारखान्यांनी ठरवलेल्या ठरावीक नमुन्यांचा असतो. सोनीचा केएसएस-213 किंवा सान्योचा एसएफ-पी101एन हे नमुने निरनिराळ्या नावांच्या असंख्य यंत्रांत आढळतात. महागड्या यंत्रांतही वेगळे काही असेलच असे नाही. काहींत चक्क संगणकाचा ड्राइव्ह बसवलेला असतो. म्हणून नवे यंत्र घेताना विक्रेत्याला ध्वनीच्या गुणवत्तेविषयी पुष्कळ विचारून झाल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा की आत कोणता ‘लेन्स’ आहे, आणि तो पाच वर्षांनी मिळेल का. सर्वत्र मिळणारा साधा नमुना असलेले यंत्र दुर्मिळ नमुन्याच्या श्रीमंत यंत्रापेक्षा माझ्या दृष्टीने अधिक विश्वसनीय.

हा भाग बदलण्याचा प्रसंग आला की भिवंडीकर दुरुस्तीवाला मुंबईची वाट धरतो. ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, तो या व्यवहारात अद्यापही अग्रेसर आहे. येथे दोन सूचना आवश्यक वाटतात. पहिली ही की नकली भाग पुष्कळ आहेत, आणि मूळ कंपनीचे नाव छापलेला स्वस्त भाग महिन्या-दोन महिन्यांत क्षीण होतो. दुसरी अशी की कारखान्यातून येताना स्थिर विजेने लेसर जळू नये म्हणून अशा अनेक भागांवर दोन बिंदू कथलाच्या ठिपक्याने जोडून ठेवलेले असतात. रिबन बसवल्यानंतर तो ठिपका काढावा लागतो, आणि ते विसरल्यामुळे नवाकोरा भाग मृत समजून परत केला जातो. आणखी एक अपप्रकार म्हणजे क्षीण लेसरला शेजारच्या ‘प्रीसेट’ने, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या बारीक पेचाने, अधिक प्रवाह देणे. यंत्र तत्काळ सुरू होते, गिऱ्हाईक संतुष्ट होते, आणि लेसरचे उरलेले आयुष्य झपाट्याने जळून जाते. दुरुस्तीवाल्याने ‘थोडे ॲडजस्ट केले’ असे सांगितले की नेमके काय फिरवले हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

गमतीचा भाग असा की आज ऑनलाइन मागवलेले नवे यंत्र बहुधा भिवंडीतूनच निघते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ या गावांच्या शेतांवर उभी राहिलेली गोदामे 2017 साली जकात गेल्यानंतरही वाढतच गेली. तिथल्या उंच मांडण्यांवरून उतरलेले आणि मालवाहू टेम्पोतून आलेले यंत्र हाती पडले की ते लगेच सुरू करू नये. पेटी उघडून काही वेळ खोलीच्या हवेत ठेवावे, आणि जुन्या घडणीच्या यंत्राच्या तळाशी वाहतुकीचा स्क्रू असल्यास तो आधी काढावा. तो तसाच राहिल्यास गाडी हलत नाही आणि पहिल्याच दिवशी तेच दोन शब्द दिसतात. पेटीतले सूचनापत्रक कोणी वाचत नाही, ते पेटीसकट माळ्यावर जाते.

उलट दिशेने, म्हणजे यंत्र दुरुस्तीस नेताना, तबकडी आत ठेवून नेऊ नये. धक्क्याने ती भिंगावर पडते. तबकडी बाहेर काढून, ट्रे बंद करून, वाहतुकीचा स्क्रू असेल तर पुन्हा बसवून यंत्र द्यावे, आणि बरोबर दोन तबकड्या द्याव्यात: एक जी हटकून अडते ती, आणि एक जी निर्वेध चालते ती. कोणत्या गाण्यापाशी, यंत्र सुरू केल्यापासून किती वेळाने, थंडपणी की तापल्यावर अडते, हे कागदावर लिहून तो कागद यंत्राच्या पाठीशी चिकटवावा. आणि जुना ‘लेन्स’ परत मागून घ्यावा.